खोबरेल तेलातली केळी

उदयसिंहची गाडी उद्या सकाळी मिरजेहून होती, आणि अंकिताचा जीव आज पहाटेपासून थाऱ्यावर नव्हता. नवरा केरळात त्रिचूरला गलाईच्या दुकानात, म्हणजे जुनं सोनं आटवून शुद्ध करायच्या धंद्यात. आणि ती विट्याजवळच्या या घरात, सासू-सासऱ्यांपाशी. ‘तुला न्यायचं तर वडिलांना विचारावं लागंल,’ असं तो दर सुट्टीला म्हणायचा, आणि दर सुट्टीला वडिलांसमोर त्याची बोबडी वळायची. आगीशी खेळणारा गडी बापापुढं पार मांजर व्हायचा. शेवटी अंकितानं ठरवलं, आज आपणच विचारायचं.

सासरे लालासाहेब उमेदीची सगळी वर्षं त्रिचूरलाच राहिलेले. आता सोप्यात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चुका काढत बसायचे. अंकिताचे वडीलही तिथले गलाईवालेच, तिचा जन्मही तिथलाच. तिथल्या गलाईवाल्यांच्या गल्लीतली आपली माणसं कामं आटोपली की कोपऱ्यावरच्या टपरीत काय खायची, हे तिला पक्कं ठाऊक होतं. हिरव्या केळ्याचे जाड तुकडे, दोनदा तळलेले, सोबत हिरव्या मिरचीची, दही घातलेली पातळ चटणी. आधी खाऊ घालायचं, माणूस खुलला की विचारायचं. बेत झकास होता.

त्यासाठी तिनं चार दिवस आधीच शेजारच्या आकारामकडून हिरवीगार फणी मागवली होती. सासूबाई साळूबाईंनी ती आल्या आल्या ताब्यात घेतली. “ठेवली मी नीट, तू नगं काळजी करू.” अंकितानंही केली नाही, तिथंच फसली.

आज दुपारी तिनं केळी मागितली, तर साळूबाईंनी मोठ्या कौतुकानं गव्हाच्या पिंपात हात घातला आणि पिवळीधमक फणी वर काढली.

“आत्या, ही तर पिकली!”

“मग? कच्ची कोण खातंय गं? म्हटलं, उदय जायच्या आदी पिकून निगतील.”

अंकिताला असा राग आला की डोळ्यांत पाणीच उभं राहिलं. पण मायेनं केलेल्या कामावर ओरडणार कसं? ती स्कूटी काढून थेट आकारामच्या मळ्यावर गेली. नवी फणी कापून घेताना ड्रेसवर चीक सांडला, त्याचे डाग आता जन्मात जाणार नव्हते. येताना रस्ताभर ती वाक्य घोकत होती. ‘मामा, मी पण जाऊ का?’ छे, फारच गयावया. ‘मामा, मी जाते.’ हे तर भांडणच. घर आलं तरी वाक्य जमलं नव्हतं.

हाताला तेल चोळून तिनं केळी सोलली, बोटभर जाडीचे तुकडे केले आणि माहेरून आणलेली खोबरेलाची बाटली कढईत रिकामी केली.

“आगं, डोक्याचं त्याल!” साळूबाई जवळजवळ किंचाळल्या. “येड लागलं काय तुला?”

“तिकडं यातच करतात, आत्या.”

तुकडे जरा रंगले की बाहेर काढायचे, वाटीनं दाबून चपटे करायचे, लसूण-मिठाच्या पाण्याचा हात फिरवून पुन्हा तेलात सोडायचे. दुसऱ्यांदा तेल चरचरलं आणि खोबरेलाचा वास सोप्यापर्यंत गेला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. लग्न झाल्यापासून सुनेनं ज्यांना स्वयंपाकघरात पाहिलं नव्हतं, ते लालासाहेब दारात उभे होते.

“कुणी केलं ह्ये?”

ते खालीच मांडी घालून बसले. पहिला तुकडा चटणीत बुडवून तोंडात टाकला आणि जे बोलत सुटले ते थांबेनात. टपरीवाला, त्याची मोडकीतोडकी मराठी, देवळामागचा तलाव, रविवारी बसनं दर्यावर जाणं, भिजलेल्या विजारी, वाळूत रंगलेले पत्त्यांचे डाव. आवाज ऐकून उदयसिंह आला आणि बापाला हसताना पाहून चौकटीतच थिजला.

आत्ता नाही तर कधीच नाही. अंकितानं झारा खाली ठेवला. “मामा, ह्यांच्यासोबत मी पण जाऊ?”

हसू जागच्या जागी विरलं. “आन हितं म्हातारीला कोण हाय? बाईमानसाला तितं ऱ्हान्यासारखं काय बी न्हाई, पोरी. एक खोली, भट्टीचा धूर, ॲसिडचा वास. जीव घुसमटंल तुजा.”

उदयसिंह जमिनीकडं बघू लागला. संपलं, असं अंकिताला वाटलं.

साळूबाई इतका वेळ भिंतीला टेकून ऐकत होत्या. त्यांनी ताटलीतला तुकडा उचलला, चटणीत बुडवला आणि सावकाश खाल्ला.

“आवं, ह्ये रोज खात हुता?”

“रोज कुठलं? सांजच्याला, कवातरी.”

“आन दर्या बी हुता व्हय?”

लालासाहेबांनी पुढच्या तुकड्यासाठी ताटलीकडं हात नेला.

“म्या बी असंच इचारलं हुतं. उदय पाळण्यात हुता तवा. धूर, ॲसिड, जीव घुसमटंल, शबूद न्‌ शबूद ह्येच सांगितलं तुमी. म्या खरं मानलं. वर तुमी कसं ऱ्हात असाल म्हणून रडत बसायची, येडी.”

आवाज चढला नव्हता, म्हणून तर तो सगळ्यांना लागला. लालासाहेबांचा हात ताटलीवरच राहिला. साळूबाईंनी ताटली आपल्याकडं ओढून घेतली.

“जा गं, कापडं भर तुजी. म्हातारीला कोण हाय म्हणं! म्हातारा हाय की.”

दिवसभर जिच्यासाठी ती तडफडली, ती परवानगी मिळाली होती. उदयसिंह डोळ्यांनीच ‘चल’ म्हणत होता. पण सासूला तिथं तशी सोडून उठणं अंकिताला काही केल्या जमेना. तिनं गॅस बंद केला आणि ती साळूबाईंना खेटून खाली बसली.