दोनशे शहाऐंशी निबंधांची पोथी

पेडगावात पारासमोर सकाळपासून रांग लागली होती. खुर्चीत डॉ. माणिकराव बसले होते. त्यांच्या मांडीवर लाल कापडात बांधलेला जाड छापील गठ्ठा होता. आजारी माणूस पुढे आला की ते तो गठ्ठा आधी त्याच्या छातीला लावत, मग डोक्याला.

"हृदयाच्या शस्त्रक्रियेवर माझे एकशे चाळीस शोधनिबंध, मेंदूवर एकशे सेहेचाळीस. मी मेंदूला हुकूम देतो, मेंदू हृदयाला देतो, छिद्र आपोआप बुजतं. सुरी फक्त अडाणी डॉक्टरांना लागते."

गठ्ठ्यावर हळदीकुंकवाचा थर साचला होता. आत एकही निबंध नव्हता, नुसती निबंधांच्या नावांची यादी होती.

रांगेत बजरंग आपल्या आठ वर्षांच्या लेकीला, रोहिणीला, कडेवर घेऊन उभा होता. तिच्या हृदयाला जन्मापासून छिद्र आहे. दिवाळीनंतर मोठ्या दवाखान्यात तिच्या शस्त्रक्रियेची तारीख लागली होती. त्याच सुमारास बजरंग परभणीला माझ्याकडे आला होता. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, तेव्हा तो आमच्याकडे पुस्तकं बांधायला यायचा.

"सर, तुमी बगून सांगा. ह्या मानसाचे एवढे लेख खरंच हायत का?"

मी संगणकावर शोधनिबंधांच्या सूचीत माणिकरावांचं आडनाव आणि दोन आद्याक्षरं टाकली. आकडा आला दोनशे शहाऐंशी. "आहेत," मी म्हणालो. एकही निबंध उघडला नाही. बजरंगनं तारीख सोडली. गोळ्याही बंद केल्या.

चार महिन्यांनी रोहिणीच्या पायांवर सूज आल्याचं कानावर आलं, तेव्हा कुठे मी ते निबंध उघडले. हृदयावरचे सगळे दक्षिणेतल्या एका सर्जनचे होते. पहिला १९८२ सालचा, आणि ते गृहस्थ २०१४ मध्ये वारलेले. मेंदूवरचे परदेशातल्या एका बाईंचे होते. आडनाव आणि आद्याक्षरं सारखी, म्हणून संगणकानं दोघांना एका नावाखाली गोळा केलं होतं. माणिकरावांचीही आद्याक्षरं तीच. त्यांनी यादी छापून बांधून घेतली, एवढंच. अशी गल्लत होऊ नये म्हणून ग्रंथालयात लेखकाच्या नावापुढे जन्मसाल लिहितात. पस्तीस वर्षं मी तेच लिहीत आलो होतो.

म्हणून त्या सकाळी मी पेडगावला आलो होतो. रांगेतून पुढे होऊन मी विचारलं,

"डॉक्टर, तुमचं जन्मसाल कोणतं?"

"एकोणीसशे ऐंशी. का?"

"यादीतला पहिला निबंध ब्याऐंशीचा आहे."

मागून कुणीतरी म्हणालं, "दोन वर्साचं लेकरू छाती फाडायलाय व्हय?" लोक हसले.

माणिकराव जराही गडबडले नाहीत. "ते मागच्या जन्मातलं संशोधन. देह बदलला, आत्मा तोच."

दोन-चार जणांनी हात जोडले. तेव्हा बजरंगची आई कडूबाई उठल्या.

"सर, त्यो लिवनारा कवा वारला?"

"दोन हजार चौदाला."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. "म्हंजी चौतीस वर्सं दोघंबी जित्ते. एक जीव दोन कुडींत कसा ऱ्हायला, डाक्टर?"

"आणि अर्धे निबंध एका बाईंचे आहेत. त्या अजून हयात आहेत," मी म्हणालो.

"घ्या. तिसरी कूड."

"जिथे श्रद्धा नाही, तिथे मी थांबत नाही," म्हणत माणिकरावांनी गठ्ठा उचलला आणि गाडीत जाऊन बसले. निम्मी रांग गाडीमागे धावली.

बजरंग माझ्याकडे बघत होता. "सर, तुमीच म्हनला व्हता ना, हायत म्हनून?"

"म्हणालो होतो. न वाचता म्हणालो."

त्यानं लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला दवाखान्यात नेलं. फुप्फुसांवरचा दाब फार वाढलाय, आता शस्त्रक्रिया करता येईल की नाही ते तपासण्यांनंतरच कळेल, असं डॉक्टर म्हणाले. हे मी तिथल्याच बाकावर बसून लिहितो आहे. तपासण्या अजून चालू आहेत.

कुणी निबंधांचा आकडा सांगितला, तर त्यातला एक तरी उघडायला लावा. कुणी लिहिला, कुठे, कधी, ते विचारा. आणि चालू औषध बंद करू नका. होकार देणारा ओळखीचा असो, शिकलेला असो, पिकल्या केसांचा असो, त्यालाही सोडू नका. "सर, तुम्ही स्वतः वाचलंत का?" एवढं मला त्या दिवशी कुणी विचारलं असतं, तर मला खोटं बोलता आलं नसतं.