डाव्या मडगार्डाच्या मागे

"आज ठोकून बघायचं नाही," चढ चढता चढता कात्सुएने पुन्हा बजावलं. "अहो, ऐकताय ना?"

"ऐकतोय. सकाळपासून तेवढंच ऐकतोय," पुढे चालणारा इसाओ म्हणाला.

इसाओने जन्मभर पत्रा ठोकला होता. पोचे आलेल्या गाड्या सरळ करण्याचं त्याचं दुकान जपानातल्या सुवाच्या तळ्याकाठी बेचाळीस वर्षं चाललं. पत्रा दिसला की बोटाची पेरं वाजवून ऐकायची, ही त्याची खोड. आत पुट्टी भरलेली असेल तर आवाज बद्द येतो, अस्सल पत्रा घुमतो. लोकांच्या घरची चहाची किटलीसुद्धा तो वाजवून बघे आणि कात्सुए शरमेने मान खाली घाली.

आता मात्र त्या वाजवण्याची तिला धास्ती होती. दोन वर्षांपूर्वी भंगारातल्या एका दारावर त्याने असंच टकटक केलं. आतून गांधीलमाशी आली आणि मनगटाला डसली. पाच मिनिटांत ओठ सुजले, दहाव्या मिनिटाला तो जमिनीवर पडला. डॉक्टरांनी नंतर कात्सुएला बाजूला घेऊन सांगितलं, "या खेपेला वाचले. पुन्हा डसली तर मी काही खात्री देत नाही."

तरी दोघं निघाले होते, ते डाव्या मडगार्डासाठी. १९६७ सालची ती दोन दारांची गाडी. तिच्यात बसूनच नवी नवरी कात्सुए खिंड ओलांडून या खोऱ्यात आली होती. तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना तुतीचे मळे होते आणि घराघरांत रेशमाचे किडे पानं खात असत, त्याचा आवाज अंथरुणात पडल्या पडल्या ऐकू येई. पुढे गाडी विकली, आणि चार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी कोठारात ती पुन्हा सापडली, डावा गाल सडलेली.

इंजिनाचं काही अडत नाही, इसाओ म्हणायचा, कुणी ना कुणी बनवून देतं. अडतं ते अंगाच्या पत्र्यापाशी. कारखान्यातले साचे कधीच मोडीत गेले. चार वर्षांत तीन मडगार्डं मिळाली. एक निघालं नंतरच्या सालचं, दिव्याचं भोक अंगठाभर मोठं. दुसरं बर्फाच्या ओझ्याने चेपलेलं. तिसरं नव्या रंगात चकाकत आलं. इसाओने वाजवलं, तर निम्मं पुट्टीचं.

मग कळलं, की पायथ्याशी राहणाऱ्या यानागिसावा मावशींच्या वरच्या ओसाड मळ्यात तशीच एक गाडी उभी आहे. सकाळी खाली मावशींकडे लोणचं खाऊन तीन कप चहा होईपर्यंत गाडीचं नावसुद्धा काढता आलं नाही. तशी रीतच होती. नव्वदीच्या मावशी म्हणाल्या, "न्या की. हे असताना तिच्यात फावडी ठेवायचे. माझे गुडघे गेले, तीन वर्षांत वर पाऊल टाकलेलं नाही. साप भेटला तर माझा नमस्कार सांगा."

"आणि गांधीलमाश्या?" कात्सुएने विचारलं.

"नोव्हेंबरात कुठल्या आल्या? पण यंदा थंडीचा पत्ता नाही म्हणा."

ते शेवटचं वाक्य ऐकूनच कात्सुएने चढावर पुन्हा बजावलं होतं.

गाडी पर्सिमनच्या फळझाडाखाली वेलींत रुतली होती. कात्सुएने इसाओला थांबवून बराच वेळ लांबून पाहिलं. काही उडत नव्हतं. ऊन अजून गाडीवर पोचलं नव्हतं, आणि सावलीच्या गारठ्यात माश्या सुस्त असतात. इसाओने एकही काळा केस न उरलेल्या डोक्यालाही पांढरा टॉवेल गुंडाळला. काळ्यावर माश्या धावतात म्हणून तिनेच दिलेला.

गंजून तीनच बोल्ट उरले होते. तेल सोडल्यावर ते मुकाट्याने फिरले. कात्सुए पाने-पकडी हातात देत होती आणि मागे सरत होती. तिसरा बोल्ट निघाला. इसाओने दोन्ही हातांनी मडगार्डाची कड उचलली, गुडघ्याचा टेकू दिला, दिव्याचं भोक पाहिलं. ते बरोबर होतं. चार वर्षांनी त्याचा चेहरा असा उजळला, आणि मोकळा झालेला हात आपोआप वर गेला.

टक, टक.

पत्रा घुमला. हात थांबला, पण घुमणं थांबलं नाही.

मग कटकट ऐकू आली, माश्यांनी जबडे वाजवल्याची. चाकावरच्या पोकळीत देवळातल्या मोठ्या कागदी कंदिलाएवढं पोळं होतं, अर्धं मडगार्डालाच चिकटलेलं.

"हलू नका," कात्सुए ओठ न हलवता म्हणाली.

"सोडलं तर पोळं फाटेल," तो कुजबुजला.

"सोडू नका. होतं तिथे टेकवा. हळू."

एक माशी बाहेर आली, अंगठ्याएवढी. ती त्याच्या बाहीवर उतरली. दुसरी कॉलरवर. डसल्यास लगेच टोचायची म्हणून डॉक्टरांनी दिलेली सुई कात्सुएच्या झोळीत होती. घरी तिने दहा वेळा सराव केला होता, आणि आत्ता पहिलं काय काढायचं तेही आठवत नव्हतं. रुग्णवाहिका यायला तास लागणार होता. कॉलरवरची माशी मानेच्या सुरकुत्यांवर चढली.

"कात्सुए, पत्रा अस्सल आहे गं."

"असू दे. बोलू नका."

"दुसरं मिळायचं नाही."

"मला नवराही दुसरा मिळायचा नाही. या वयात कोण बघणार आहे? टेकवा."

केसभर, मग आणखी केसभर, मडगार्ड खाली आलं आणि आपल्या खाचेत बसलं. त्याने एकेक बोट सोडवलं. मग वाकून, जमिनीला हात लावत, तो मागे मागे आला. मानेवरची माशी चालत होती, थांबत होती. पाचव्या पावलाला ती उडाली. कात्सुएने तिचा आवाज कानाजवळून जाताना ऐकला आणि डोळे मिटले.

दोघं मावशींच्या कुंपणापाशी आले. तिथे तिने त्याचं जाकीट काढलं, मान, काखा, कानामागे, सगळं बोटांनी चाचपलं. डंख नव्हता. तेव्हा कुठे ती बांधावर बसली.

"बर्फ पडल्यावर पोळं मरतं," इसाओ हळूच म्हणाला. "तेव्हा येऊ."

"मी येईन. तुम्ही घरी बसायचं."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"बेचाळीस वर्षं पाने कोण देत होतं?"

तो जाकिटाची बटणं लावायला गेला, पण एक बटण चुकीच्या काजात गेलं. कात्सुए उठली, तिने ती नीट लावली, आणि त्याचे दोन्ही हात धरून ठेवले, पुन्हा कशावर वाजू नयेत म्हणून.