बाबांच्या बाजूचा कॉइलओव्हर

मित्रांनो, मिस्त्रींच्या गॅरेजात ग्रीसच्या डब्यामागे एक वाकलेला दांडा पडलाय, ज्याच्याभोवती अजून निळी स्प्रिंग आहे, तो मी. मी एक जुना कॉइलओव्हर आहे. नाव भारदस्त असलं तरी काम साधं. आत तेल भरलेला शॉक, त्याच्याभोवती स्प्रिंग आणि डोक्यावर एक छोटी गुंडी. खड्डा आला की स्प्रिंगने दबायचं, शॉकने तिला आवरायचं आणि चाक रस्त्याला धरून ठेवायचं. एवढ्यासाठीच माझा जन्म झाला आणि एवढ्यातच मी एकदा हरलो. का हरलो ते सांगतो, पण ऐकून सोडून देऊ नका.

कारखान्यात आम्हा चौघांना यंत्राने हजारदा दाबलं, हजारदा सोडलं. जो कण्हला तो भंगारात गेला. आम्ही चौघं पास झालो आणि एका खोक्यातून या गॅरेजात आलो. मी पुढच्या डाव्या चाकाचा.

आमचा मालक चष्मेवाला. दिवसभर दुकानात लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायचा आणि महिन्यातल्या एका रविवारी गाडी घेऊन शर्यतीच्या ट्रॅकवर जायचा. गाडी एकच होती. तीच आठवड्यातून तीनदा त्याच्या वडिलांना डायलिसिसला न्यायची. बाबांची मूत्रपिंडं थकली होती. डाव्या हाताच्या शिरा जोडून डॉक्टरांनी सुया टोचायला जागा केली होती. उजव्या हाताच्या शिरा आधीच कामातून गेल्या होत्या, त्यामुळे बाबांचं जगणं त्या डाव्या हातावर होतं. तो हात ते तान्ह्या लेकरासारखा जपायचे. घड्याळसुद्धा बांधायचे नाहीत.

आम्हाला बसवण्यापासून मिस्त्रींनी चष्मेवाल्याला आधी परावृत्त करून पाहिलं. दोन दगडांवर पाय ठेवू नका म्हणाले. रोजच्या गाडीला कंपनीचं सस्पेन्शन बरं, ट्रॅकचं वेड असेल तर जुनी गाडी वेगळी ठेवा. दुसऱ्या गाडीला जागा नाही, असं चष्मेवाला म्हणाला. मग मिस्त्रींनी आम्हाला बाहेर काढलं. स्प्रिंग मऊ घ्यायला लावली, गाडी दोन बोटांपेक्षा जास्त खाली घेऊ दिली नाही आणि गुंडी फिरवून दाखवली. फिरवताना ती टिक टिक वाजते; अशा वीस टिका. पूर्ण बंद केली की मी दगड, पूर्ण उघडली की गादी. बंद करायची आणि तिथून उलट मोजत यायचं, ही मिस्त्रींची रीत. त्यांनी डिकीच्या झाकणाला आतून कागद चिकटवला: ट्रॅक सहा, रोज चौदा.

वर्षभर आमचं छान चाललं. रविवारी मी ताठ, सोमवारी नरम. बाबा माझ्या डोक्यावरच, पुढच्या डाव्या सीटवर बसायचे आणि गाडी चालवणाऱ्या सुनेला म्हणायचे, ही गाडी नाही, पाळणा आहे. लोखंडाला कौतुक कळत नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मला तेव्हा फार बरं वाटायचं.

मग ट्रॅकवर चष्मेवाल्याचा धाकटा भाऊ येऊ लागला. तो नाटकांच्या प्रयोगांना ध्वनियंत्रणा सांभाळायचा. गुणी होता, चटपटीत होता. चारही गुंड्या फिरवायला दादाला वेळ लागतो हे पाहून म्हणाला, तू उजव्या बाजूच्या कर, मी डाव्या करतो. दोघांनी कागद वाचला, दोघं आपापल्या बाजूला वाकले. धाकट्याच्या हाताखालची आवाजाची प्रत्येक गुंडी आयुष्यभर शून्यातून वर गेलेली होती. सगळ्यात नरम तेच शून्य समजून त्याने मला पूर्ण उघडलं आणि तिथून सहा टिका मोजल्या. पलीकडे दादाने पूर्ण बंद करून सहा मोजल्या. आकडा एक, पण उजवी बाजू ताठ आणि मी लोळागोळा.

त्या दिवशी उजव्या वळणांवर गाडी माझ्यावर कलंडत होती. चष्मेवाला म्हणाला, ट्रॅकच असा आहे. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला ओरडायला तोंड नाही. संध्याकाळी निघताना दोघांनी परत चौदा मोजल्या. दादाने बंद करून चौदा टिका उघडल्या, धाकट्याने उघडून चौदा टिका मिटल्या. उजवी बाजू गादी झाली आणि मी दगड. आता माझ्यावर बाबा बसणार होते, या विचाराने मी रात्रभर पार्किंगमध्ये गारठून उभा होतो.

पहिल्याच फेरीला बाबांनी विचारलं, "सूनबाई, रस्ता माझ्याच बाजूला खराब आहे का गं?"

तिने घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो हसला. बाबांचं वय झालंय, कालच तर दोघांनी मिळून सेट केलंय, असं म्हणाला. दुसऱ्या फेरीला बाबांनी हात मांडीवर घेऊन बसायला सुरुवात केली. तिने पुन्हा सांगितलं, ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरतं. त्याने टायरची हवा तपासली. हवा बरोबर होती, तेव्हा त्याचं समाधान झालं. तिसऱ्यांदा ती बोलली तेव्हा तो थोडा चिडूनच म्हणाला, तुला गाडीतलं काय कळतं. माझी गुंडी त्याच्या हातापासून वीतभर लांब होती. त्याने बोनेट उघडलं, काच धुण्याच्या पाण्याची बाटली भरली आणि बोनेट बंद केलं.

चौथ्या फेरीला रस्ते ओले होते. दवाखान्याच्या अलीकडे उताराचं उजवं वळण आहे. नळ टाकण्यासाठी तिथला रस्ता खणून ओबडधोबड बुजवला होता. ती हळूच चालवत होती, तिची काहीच चूक नाही. उजव्या वळणावर सगळा भार माझ्यावर येतो. पहिल्या उंचवट्यावर मला दबायचं होतं, दबता येईना. चाक उडालं. खाली टेकतंय तोवर दुसरा उंचवटा आला. तिने ब्रेक दाबला, पण हवेतलं चाक काय धरणार? गाडी घसरत डावीकडे गेली आणि दगडी कठड्यावर आदळली. मी वाकलो. बाबांचा तोल गेला आणि मांडीवर जपलेला तो हात दारावर आपटला.

हाड नाही मोडलं, ती जोडलेली शीर गेली. डायलिसिससाठी डॉक्टरांनी गळ्याजवळून नळी घातली. नळीत जंतू शिरले, ताप येत राहिला आणि पाच महिन्यांत बाबा गेले.

गाडी आधीच, अपघाताच्या आठवड्यातच, इथे ओढून आणली होती. बाबा तेव्हा दवाखान्यात तापत होते. चष्मेवाला, धाकटा आणि सूनबाई, तिघंही समोर उभे होते. मिस्त्रींनी उजवी गुंडी बंद करत टिका मोजल्या: चौदा. मग माझ्याकडे आले. मी वाकलो होतो, पण डोकं शाबूत होतं. सहाव्या टिकेला मी बंद झालो. त्यांनी परत उघडून परत मोजलं. सहाच.

"ही कोणी केली?" त्यांनी विचारलं.

"मी," धाकटा म्हणाला. "चौदाच मोजल्या."

"कुठून?"

त्याला प्रश्नच कळला नाही. मग त्याने हवेत बोटं फिरवून पाहिली, खालून वर, आणि ती तिथेच थांबली. चष्मेवाल्याने तोंड भिंतीकडे केलं. मिस्त्रींनी डिकी उघडून कागद वाचला. कुठून मोजायचं ते मीही लिहिलं नाही, असं ते स्वतःशीच म्हणाले.

सूनबाई मात्र नवऱ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "मला गाडीतलं कळत नाही, ठीक आहे. बाबा तर तीनदा त्या बाजूला बसले होते, त्यांना कळलं होतं."

तेव्हापासून मी इथे आहे. मिस्त्री मला विकत नाहीत, भंगारातही देत नाहीत. नवीन गिऱ्हाईक जोडीने आलं की ते मला उचलून दाखवतात. पण बरीचशी गिऱ्हाइकं माझा निळा रंगच बघतात.

मित्रांनो, दोघांनी मिळून काम करायचं असेल तर आकडा विचारू नका, कुठून मोजायचं ते आधी विचारा. आणि गाडीत बसलेलं माणूस म्हणालं की माझ्या बाजूला लागतंय, तर हसू नका. गाडी थांबवा, खाली उतरा, वाकून बघा. मला वाचा नव्हती. बाबांना होती.