ग्रीमाच्या लेकीची जखम

कोकरू सापडलं तेव्हा जखम निदान दोन दिवसांची होती. जुन्या काटेरी तारेत अडकून उजव्या मांडीची कातडी वीतभर सोलली गेली होती आणि खाली लोंबत होती. आत माती, वाळकं गवत, लोकरीच्या गुठळ्या. स्वावाने नाक जवळ नेलं. वास आंबूस होता, सडका नव्हता.

"जगेल का?" तिच्या बाबांनी, केतिलनी, गोठ्याच्या दारातूनच विचारलं.

"मांस जिवंत आहे. हाडाला धक्का नाही."

"मग डोंगर चढेल?"

खरा प्रश्न तोच होता. हे कोकरू ग्रीमाचं होतं, आणि ग्रीमा कळपाची म्होरकी मेंढी होती. सप्टेंबरात डोंगरावर अवचित बर्फ सुरू झालं आणि हाताची बोटं दिसेनाशी झाली, की ती घटकाभर थांबून हवा हुंगायची आणि घराची वाट धरायची. दोनशे मेंढ्या तिच्या मागे. हे गुण रक्तात उतरतात. वाटा मात्र आईच्या मागे हिंडून, पहिल्याच उन्हाळ्यात शिकाव्या लागतात. ग्रीमाला नववं वर्ष सरत होतं. आजवर तिला नरच झाले होते. ही पहिली लेक, आणि बहुधा शेवटचीच. तीन आठवड्यांनी कळप डोंगरावर सोडायचा होता.

स्वावा अकरा वर्षं रेक्याविक शहरातल्या प्रयोगशाळेत दुधाचे नमुने तपासत होती. आई गेल्यावर ती गावी परतली, त्याला आता चार वर्षं झाली होती. जनावरांचे डॉक्टर खिंडीपलीकडे राहत. त्यांनी फोनवरच इंजेक्शनचं प्रमाण सांगितलं आणि बजावलं, की जखम जुनी आहे, टाके घालू नकोस.

"उघडीच ठेवायची?" केतिलना ते पटेना. "दार सताड उघडं टाकायचं, म्हणजे चोर आपण होऊन जातो? हेच शिकवतात वाटतं शहरात?"

"चोर आत असताना दार लावलं तर काय होईल, बाबा? आत पू होईल. जखम तळापासून भरत यायला हवी."

"बरं बाई. तू शिकलेली."

तिने अर्धा लिटर उकळलेल्या पाण्यात सपाट चमचाभर मीठ घातलं. पाणी कोमट झाल्यावर पिचकारीने धार सोडून एकेक कण बाहेर काढला, कातडीची मेलेली, काळी पडलेली कड कापून टाकली. कोकराला तराजूत तोलून इंजेक्शन दिलं. शेपटीखाली शेण लागलं होतं, जखमेपासून चार बोटांवर. ते काही तिला बघवेना. म्हणून तिने साबण घेतला आणि जखम तेवढी वगळून कोकरू कमरेपासून खुरांपर्यंत स्वच्छ धुतलं, टॉवेलने कोरडं केलं आणि ग्रीमाच्या कप्प्यात सोडलं.

ग्रीमा घुमत पुढे आली. कोकरू लंगडत कासेशी घुसलं. ग्रीमाने मान वळवून त्याच्या शेपटीखाली हुंगलं आणि ती थबकली. पुन्हा हुंगलं. मग डोकं खाली घालून तिने अशी ढुशी दिली, की कोकरू फळ्यांवर जाऊन आदळलं.

केतिल उपड्या बादलीवर बसले. "शेपटीखाली साबण लावलास?"

स्वावाने कोकराला उचलून उभं केलं.

"मेंढी काय तोंड बघून लेकरू ओळखते? हे मी सांगायचं तुला? पाच वर्षांची होतीस तेव्हा तूच पाहुण्यांना सांगत सुटायचीस."

तिला ठाऊक होतं. पण अकरा वर्षं स्वच्छ म्हणजे ज्याला कसलाच वास नाही ते, असं तिच्या हातांना वळण पडलं होतं. त्या हातांनी कोकराला कुणाचंच ठेवलं नव्हतं.

कोकरू ओरडत होतं. केतिलनी दोनदा फळीवरच्या दुधाच्या बाटलीकडे पाहिलं. "देऊ का गं? मरायला नको बिचारं."

बाटलीने ते जगलं असतं, यात शंका नव्हती. स्वयंपाकघरात शेगडीजवळच्या खोक्यात या घराने कितीतरी कोकरं वाढवली होती. पण बुटांचा आवाज आला की ती धावत येत, उंबऱ्याशी झोपत. असल्या मेंढीने बर्फात माणसालाच शोधलं असतं.

"मघाशी डोंगराचं विचारत होतात तुम्ही," स्वावा म्हणाली.

"मघाशी ते ओरडत नव्हतं."

"चार तास थांबू. नाहीच घेतलं तिने, तर बाटली मीच देईन."

केतिलनी ग्रीमाचं डोकं फळीशी धरलं. स्वावाने मांडीवर स्वच्छ फडकं बांधून जखम झाकली. मग ग्रीमाचं दूध ओंजळीत पिळून कोकराच्या शेपटीखाली, पाठीवर, मानेवर चोळलं. ग्रीमाखालचं ओलं गवतही पाठीवरून फिरवलं. मघाशी जे धुऊन काढलं तेच आता हाताने परत लावत होती. शेवटी सड कोकराच्या तोंडात दिला. तेच दूध पोटातून खाली उतरलं, की वास आपोआप परतणार होता. प्रश्न वेळेचा होता.

सुटताच ग्रीमाने पुन्हा ढुशी दिली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा पाय आपटला, पण मारलं नाही. साडेतीन तास होत आले तेव्हा कोकराने शेपटी हलवत बारीक पिवळी विष्ठा टाकली. केतिलनी ग्रीमावरचे हात सैल केले. ग्रीमाने बराच वेळ हुंगलं. मग तोंड न उघडता घशातल्या घशात ती घुमली. मेंढी हा आवाज फक्त आपल्या लेकराशी काढते.

"आता हात धू," केतिल हळूच म्हणाले. "छे, थांब! धुऊ नकोस."

पुढचे वीस दिवस स्वावा त्या दिवशीचंच न धुतलेलं जाकीट घालून कप्प्यात शिरायची. कोकरू पीत असताना मागून मिठाच्या पाण्याने जखम धुवायची. गोंजारायची नाही, बोलायची नाही. लाल, दाणेदार मांस रोज थोडं वर येत होतं. विसाव्या दिवशी जखम अंगठ्याएवढी उरली. दुसऱ्या दिवशी मायलेकी डोंगरावर गेल्या.

सप्टेंबरात कळप गोळा करायच्या दिवशीच बर्फ पडलं. डोंगरावर गेलेल्या माणसांना पुढचं काही दिसत नव्हतं. ती माणसं मेंढ्यांच्या मागून चालत आली. स्वावा फाटकाशी उभी होती. पांढऱ्यातून आधी ग्रीमा निघाली, आणि तिच्या खांद्याला खांदा लावून एक छोटी. उजव्या मांडीवर लोकर न आलेला लांबट पट्टा.

छोटी थांबली. कुठलीही मेंढी कुठल्याही माणसाकडे बघते तसं तिने स्वावाकडे पाहिलं आणि बिचकून आईच्या पलीकडच्या अंगाला सरकली.

"एवढं केलंस," मागून केतिल म्हणाले, "ओळख तरी दाखवली का तिने?"

"नाही," स्वावा म्हणाली, आणि मायलेकींना वाट मोकळी व्हावी म्हणून आणखी दोन पावलं मागे झाली.