माळावरचे बारसे

शनिवार, दिनांक ११ ऑक्टोबर २०२५ रोजी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात, बहिरमाळ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माळरानाच्या पूर्व उतारावर, काळविटाचे एक मादी पाडस गवतात मान टाकून बसलेले आढळले. वय फार तर तीन दिवसांचे असावे. अंगावर जखम नव्हती, डोळे उघडे होते, आणि माणसे चार पावलांवर येऊनही ते जागचे हलले नाही.

ते प्रथम दिसले सरोजिनी लिमये यांना. पुण्यातील एका कन्याशाळेच्या मुख्याध्यापिकेच्या पदावरून त्या सात वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या, आणि ‘माळराई’ या निसर्गनिवासाने भरवलेल्या तीन दिवसांच्या संवर्धन शिबिरासाठी अठरा मैत्रिणी व परिचित स्त्रियांना घेऊन आल्या होत्या. शिबिराच्या पत्रकात ‘निसर्गाकडून घेतलेले निसर्गाला परत देऊ या’ असे छापलेले होते. त्यानुसार मंडळी हातमोजे घालून, एका ओळीत, गाजरगवत उपटीत चालली होती. काम प्रामाणिकपणे चालले होते, हे नमूद केले पाहिजे. उन्हात वाकून काम करण्याची सवय नसतानाही कोणी कुरकुर केली नव्हती.

निसर्गनिवासाचा मार्गदर्शक अजिनाथ खरात ओळीच्या टोकाला होता. तो माळाच्या पायथ्याच्या वस्तीतला, वय चौतीस. वनखात्याच्या प्रशिक्षणात तो पहिला आला होता, आणि त्याचे प्रमाणपत्र भोजनगृहाच्या भिंतीवर चौकटीत लावलेले होते. हाक ऐकून तो धावत आला, पाडसाकडे एकदा पाहिले आणि सर्वांना मागे सरायला सांगितले. मग त्याने, न चुकता आणि न अडखळता, कारण समजावले. इतक्या लहान पाडसाला आईमागे पळता येत नाही. म्हणून आई त्याला गवतात बसवते आणि स्वतः मुद्दाम लांब चरते. पाडसाच्या अंगाला वास जवळजवळ नसतो, आईच्या अंगाला असतो. ती जवळ राहिली तर लांडगा तिच्या मागाने थेट पाडसापर्यंत येईल. दिवसातून काही वेळा ती येते, पाजते आणि निघून जाते. तेव्हा आपण इथून जावे, एवढीच त्याला मदत.

मंडळींना हे पटले. निदान पटल्यासारखे झाले. पण जावे म्हणजे किती दूर, हे कोणी विचारले नाही आणि अजिनाथनेही निक्षून सांगितले नाही. मंडळी दोनशे पावले मागे गेली, एका हिवराच्या तोकड्या सावलीत बसली, आणि आई येण्याची वाट पाहू लागली. एकोणीस माणसे, रंगीत टोप्या, दोन दुर्बिणी. उघड्या माळावर एवढा जमाव नजरेसमोर असताना कोणती हरिणी पाडसाकडे येईल? पण वाट पाहणाऱ्यांना आपण अडथळा आहोत असे कधी वाटत नाही. अकरा वाजले, आई आली नाही. आणि ती येत नाही याला पुरावा म्हणून त्यांच्याजवळ आता दोन तासांचे स्वतःचे निरीक्षण होते.

अजिनाथने त्यांना उठवण्याचा प्रयत्न केला. सरोजिनीबाईंनी त्याला थांबवले. त्यांच्या आवाजात उद्दामपणा नव्हता, चाळीस वर्षे मुली सांभाळलेल्या बाईची काळजी होती. ऊन वाढले आहे, वर घारी फिरत आहेत, असल्या जिवाला नियमावर सोडून जाणे आपल्याला जमणार नाही, असे त्या म्हणाल्या आणि त्यांनी व्यवस्थापकांना मोबाईल लावला.

व्यवस्थापक अनीश दातार पाच मिनिटांनी अजिनाथशी फोनवर बोलला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की पाहुणे अस्वस्थ आहेत, दोघीजणी रडत आहेत, पाडस घेऊन ये. अजिनाथने पुन्हा सगळे कारण सांगितले. काळविटाला हात लावणे हा गुन्हा आहे, हेही सांगितले. अनीशने ऐकून घेतले. मग तो म्हणाला, “अजिनाथ, दिवाळीपासून तुला मुख्य मार्गदर्शक करायचं ठरतंय. कायम. ते ज्या मालकांच्या सहीनं होणार, त्यांची बहीण त्या झाडाखाली बसलीय, लिमये मॅडम. आता काय करायचं ते तू ठरव.”

अजिनाथ चार हंगाम तात्पुरत्या कामावर होता. पावसाळा आला की त्याला घरी पाठवीत आणि गवत पिकले की पुन्हा बोलावीत. दर वर्षी बोलावतीलच असे नसे. एके वर्षी तो घोडेगावच्या बाजारात जनावरे टेम्पोत चढवण्याच्या कामाला गेला होता. त्याने ठरवले. सरोजिनीबाईंच्या ओढणीत गुंडाळून त्याने पाडस उचलले. ते ओरडले नाही. त्याच्या काळजाचे ठोके मात्र ओढणीतून हाताला लागत होते, मोजता येऊ नयेत इतके जलद.

अजिनाथची आई चांगुणा निसर्गनिवासाच्या स्वयंपाकघरात भाकरी करी. ‘चुलीवरची भाकरी’ हा पाहुण्यांच्या दिनक्रमातला एक कार्यक्रम होता आणि तिला त्यासाठी नऊवारी नेसावी लागे, एरवी ती सहावारी नेसत असे. मुलगा ओढणीत काय घेऊन आला आहे, हे तिने दारातूनच पाहिले. त्याने दूध कोमट करायला सांगितले तेव्हा तिने हातातला गोळा परातीत टाकला.

“गायीचं दूध?”

“मॅडम म्हनत्यात.”

“मॅडमला काय, त्या उद्या जातील. तुला ह्या माळाव ऱ्हायचंय. सांच्याला ती यील तवा तिला काय सांगशील, तुझी पोरगी जेवायला बसलीय म्हनून?”

“आये, गप बस. नोकरी हाय.”

“व्हय की. लई मोठी नोकरी. माजी हाय तशीच, नेसायचं निराळं अन् करायचं निराळं,” असे म्हणून ती पुन्हा चुलीकडे वळली. दूध तिने तापवले नाही. अनीशने दुसऱ्या बाईकडून तापवून घेतले.

बाटलीने दूध पाजले गेले. पाडसाला आडवे निजवून, मान वर धरून, दोघींनी मिळून पाजले. त्यातले किती पोटात गेले आणि किती चुकीच्या वाटेने गेले, हे पाहण्याचे ज्ञान तेथे कोणाला नव्हते. पाडस खोकले, तेव्हा त्याला ढेकर आली असे एकीने सांगितले आणि सर्वांना फार आनंद झाला.

दुपारी बारसे झाले. कल्पना कोणाची, हे पुढे कोणी कबूल केले नाही. व्हरांड्याच्या दोन खांबांना साडी बांधून झोळी केली, तीत पाडस ठेवले, आणि नावावरून अर्धा तास वाद झाला. एक पक्ष साध्या नावाचा, दुसरा संस्कृत नावाचा. शेवटी ‘मृगाक्षी’ ठरले. बायकांनी पाळणा म्हटला. मग रीतीप्रमाणे एकेकीने वाकून त्याच्या कानात ‘कुर्रर्र’ केले, पाठीवर हलक्या हाताने थापट्या मारल्या, आणि छायाचित्रे काढली. ज्या प्राण्याला निसर्गाने शत्रू जवळ आला असता निश्चल राहण्यास शिकवले आहे, तो प्राणी निश्चल राहिला. त्याला सर्वांनी ‘किती गुणी आहे’ म्हटले.

चार वाजता अजिनाथने अनीशला गाठले. अजून वेळ आहे, असे त्याचे म्हणणे. दिवस मावळायच्या आत पाडस जिथून उचलले तिथेच ठेवले, आणि माणूस दृष्टीआड झाला, तर हरिणी नक्की येईल. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते, ही समजूत खोटी आहे. अनीशने ते मान्य केले. एवढेच नव्हे, त्याला ते फार आवडले. त्याने तेथल्या तेथे दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम बदलला. सकाळी साडेसहा वाजता, सर्व पाहुण्यांसमक्ष, उगवत्या सूर्याच्या पार्श्वभूमीवर, माय-लेकरांचे पुनर्मीलन.

अजिनाथ म्हणाला, सकाळपर्यंत थांबता येणार नाही. पाच वाजता पुन्हा जाऊन तेच म्हणाला. अनीशने त्याला दोन्ही वेळा सांगितले की मुख्य मार्गदर्शकाला पाहुण्यांच्या भावनाही कळल्या पाहिजेत. वनखात्याला कळवू का, असे अजिनाथने विचारले. त्यावर, उद्या सोडल्यावर आपणच कळवू, असे उत्तर मिळाले. रात्रीपुरते पाडस अजिनाथच्या खोलीत ठेवायचे ठरले. पुठ्ठ्याचे खोके, खाली गवत, वर फडके. खोली निसर्गनिवासाच्या कुंपणाला लागून, मागच्या अंगाला होती. तिचे दार थेट माळावर उघडे.

सूर्य मावळायला अर्धा तास असताना अजिनाथ एकटा माळावर गेला. कशासाठी गेला, हे त्यालाही नीट सांगता आले नसते. आपण म्हणतो ते खरे आहे, याची खात्री करून घ्यायची होती, असे म्हणावे लागेल. एका बांधाआड तो पोटावर पडून राहिला.

हरिणी आली. कळपातून वेगळी होऊन, थांबत, कान फिरवीत, ती बरोबर त्या जागी आली. तिने दबलेल्या गवताला नाक लावले. मग ती तिथून दहा पावले पुढे गेली, परतली, पुन्हा हुंगले. बारीक, नाकातून काढल्यासारखा एक आवाज तिने केला आणि उत्तर ऐकायला थांबली. असे तिने किती वेळा केले, हे अजिनाथने मोजले नाही. कास दुधाने भरून आल्यामुळे तिची मागच्या पायांची चाल अवघडलेली होती. अंधुक झाले तरी ती तिथेच फिरत होती. अजिनाथ उठला आणि वाकून, आवाज न करता, परत आला. तो जेवायला बसला तेव्हा सरोजिनीबाईंनी पाडसाची चौकशी केली. झोपले आहे, असे त्याने सांगितले.

पहाटे पाडस मेलेले होते.

साडेसहाला पुनर्मीलनासाठी जमलेल्या मंडळींना ही बातमी व्हरांड्यात देण्यात आली. आठ वाजता अनीशने वनखात्याला कळवले, की आईने टाकलेले एक पाडस आढळले होते, सर्व प्रयत्न करूनही वाचू शकले नाही. दहाच्या सुमारास वनरक्षक पुष्पावती ढवळे दुचाकीवरून आल्या, आणि त्यांच्या मागोमाग तालुक्याचे पशुवैद्य. पुष्पावतीबाईंनी तीन वर्षांपूर्वी अजिनाथला शिकवले होते. पाडसाबद्दल त्याने काल सकाळी जे सांगितले, ते शब्द मूळचे त्यांचे होते.

पशुवैद्यांनी मागच्या पडवीत तपासणी केली आणि हात धुताना सांगितले, की फुप्फुसात दूध आहे, आणि भीतीने स्नायूंचीही वाट लागली आहे. अनीशने ‘आईने टाकलेले’ हे शब्द पुन्हा उच्चारले. तेव्हा सरोजिनीबाई पुढे आल्या. त्या रात्रभर झोपल्या नव्हत्या, हे चेहऱ्यावरून दिसत होते. आईने टाकले नव्हते, त्या म्हणाल्या. हे मार्गदर्शकांनी आम्हाला स्पष्ट सांगितले होते, मी ऐकले नाही, फोन मी केला, दूध मी पाजले. माझे नाव पहिले लिहा. पुष्पावतीबाईंनी ते लिहून घेतले. अनीशचेही लिहिले आणि त्याला सांगितले, की निसर्गनिवासावर गुन्हा दाखल होईल, त्याचे काय ते न्यायालयात बोलावे.

मग त्यांनी अजिनाथला विचारले.

अजिनाथने क्रमाने सांगितले. नऊ वाजून दहा मिनिटांनी आपण काय म्हणालो, अकराला काय म्हणालो, गुन्ह्याची कल्पना कशी दिली, चार वाजता आणि पाच वाजता सोडण्याची परवानगी कशी मागितली, ती कोणी आणि कोणत्या शब्दांत नाकारली. संध्याकाळी हरिणी आल्याचे सांगताना त्याने नेमकी जागा आणि नेमकी वेळही दिली. सांगता सांगता त्याची मान ताठ होत गेली. एकही गोष्ट त्याने वाढवली नव्हती आणि एकही लपवली नव्हती. अनीश खाली पाहत होता. पाहुणे अजिनाथकडे आदराने पाहत होते.

पुष्पावतीबाईंनी लिहिणे थांबवले.

“हरिणी आली तेव्हा पाडस कुठं होतं?”

“माझ्या खोलीत, मॅडम.”

“खोलीवर पहारा होता?”

“नाही.”

“तिथून ती जागा किती लांब?”

“चालत वीस मिनिटं.”

“पाडस तेव्हा जिवंत होतं?”

“हो.”

चांगुणा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत निघून गेली. पुष्पावतीबाईंनी कागद मिटला, पेनाला टोपण लावले, आणि ज्या स्वरात त्यांनी एकेकाळी त्याचा पहिला क्रमांक जाहीर केला होता, त्याच सरळ स्वरात म्हणाल्या, “ह्या एकोणीस जणींना सांगूनही कळलं नव्हतं, आणि ह्या साहेबांना कळून घ्यायचंच नव्हतं. तुला सगळं ठाऊक होतं. पाडस तू मारलंस.”