नदीनं कूस बदलली

त्या आठवड्यात संग्रहालयाच्या दाराबाहेर चपलांचा ढीग लागायचा. एरवी आमच्याकडे शाळेच्या सहली येतात, नाहीतर उन्हातून आडोसा शोधणारे. आता मात्र रांग जिना उतरून रस्त्यावर गेली होती आणि प्रत्येकाला एकच फोटो पाहायचा होता: सव्वाशे वर्षांपूर्वीची आमची नदी.

फोटो भिंतभर मोठा. काठावर एक न्हावी गिऱ्हाइकाची दाढी करतो आहे, शेजारी कोणी जाळं विणतो आहे, होडीत कोट घातलेले तीन गृहस्थ ताठ बसले आहेत. मागे दगडी मनोरा. आज जुन्या पुलावर उभं राहिलं की मनोरा नदीच्या उजव्या हाताला दिसतो. फोटो त्याच पुलावरून घेतलेला, पण त्यात तो डाव्या हाताला होता.

हे आधी कोणाच्या लक्षात आलं ते माहीत नाही, पण त्याचा अर्थ गावातल्या महाराजांनी लावला. महाराज पूर्वी पाण्याचे पंप दुरुस्त करत, त्यामुळे पाण्याशी त्यांचं जुनं नातं. त्यांच्या आजेगुरूंनी नदीला ‘कूस बदल’ अशी आज्ञा केली आणि ती मनोऱ्याच्या त्या बाजूची या बाजूला आली, असं ते सांगत. यंदा ते स्वतः तिला पुन्हा पलीकडे निजवणार होते. एका निवृत्त मास्तरांनी विचारलं की फोटोत मागची टेकडीसुद्धा दुसऱ्या बाजूला कशी. महाराज म्हणाले, नदीला वाट द्यायला टेकडी सरकली, माणसांनाच तेवढा समंजसपणा नाही. टाळ्या पडल्या. मास्तर खाली बसले.

हे हसण्यावारी नेता आलं असतं. पण धरणाच्या कचेरीनं इशारा दिला होता: शुक्रवारी पाणी सोडणार, त्याआधी खालच्या वस्तीनं वरच्या शाळेत जावं. वस्ती नदी आणि मनोरा यांच्या मधल्या सखल पट्ट्यात आहे. नदीच मनोऱ्यापलीकडे जाणार म्हटल्यावर सामान कोण बांधतो? चाळीस घरं जागची हलेनात. त्यातलं एक माझ्या मावशीचं. ती कपडे शिवते, एकटी राहते, आणि तिचे गुडघे असे की पाणी दारात आलं तर तिला जिनाही चढवणार नाही.

संग्रहालयातल्या जुन्या काचांची देखभाल माझ्याकडे आहे. पूर्वी फोटो काचेवर घेत. काचेच्या एका बाजूला चित्र धरणारा थर असतो, ती बाजू मंद दिसते. दुसरी बाजू चकचकीत. चकचकीत बाजूनं पाहिलं की देखावा जसाच्या तसा दिसतो, मंद बाजूनं पाहिलं की आरशातल्यासारखा. मंगळवारी मी कपाटातून ती काच काढली, छपाईचं माझं टिपण पाहिलं आणि खुर्चीत बसले. मोठी प्रत करताना मी काच उलटी ठेवली होती. कूस नदीनं बदलली नव्हती, मी बदलली होती.

संग्रहालयाच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, दोन हजार माणूस आपल्याकडे कधी आलं होतं? दुरुस्ती महिनाअखेरीस करू, तोवर चूक नीट चालली आहे.

संध्याकाळी मावशीकडे गेले.

“मावशी, फोटो उलटा छापलाय. चूक माझी आहे.”

“तू कशाला चुकशील? वर्गात पहिली यायचीस.”

मी काच, थर, चकचकीत बाजू, सगळं समजावलं. तिनं दोरा ओवत ऐकलं आणि जेवून जा म्हणाली. माझ्यावरच्या विश्वासापुढे माझीच कबुली टिकेना. शेवटी मी फोटोची छोटी प्रत तिच्या मशीनवर ठेवली आणि म्हटलं, नदी सोड, नुसते कपडे बघ.

तिनं चष्मा लावला. एकेका माणसावरून बोट फिरवलं.

“हे तिघं बायकोचे कोट घालून आलेत काय गं?”

“म्हणजे?”

“पुरुषाच्या कोटाला गुंड्या उजवीकडे लावतात, काजं डावीकडे. इथं उलटं आहे. एखादा शिंपी चुकेल. तिघांचे तीन शिंपी चुकले?” तिनं प्रत उचलून स्वतःच आरशासमोर धरली, आणि आरशातल्या कोटांकडे पाहत राहिली.

बुधवारी ती लंगडत संग्रहालयात आली. महाराज फोटोपुढे बसून नदी कूस बदलणार ती तारीख सांगत होते. मावशी गर्दीतून म्हणाली, “महाराज, आजेगुरूंनी गुंड्या पण हलवल्या का?”

महाराज म्हणाले, त्या काळचे पुरुष स्त्रियांना मान देत, म्हणून त्यांच्यासारखे कोट शिवून घेत. मागून कोपऱ्यावरच्या दुकानातला न्हावी म्हणाला की वस्तराही डाव्या हातात आहे. मग लोकच शोधू लागले. जाळंवाला डावखुरा, वल्हंवाला डावखुरा, कागदावर लिहिणाराही डावखुरा. महाराजांनी सांगितलं की त्या युगात डावा हात पवित्र होता. या वेळी टाळ्या थोड्या विरळ पडल्या.

चार माणसांत बोलायची मला सवय नाही. मी काच आणून खिडकीच्या उजेडात धरली. काचेत काळं-पांढरं उलट दिसतं, पण मनोरा ओळखू येतो. मंद बाजू लोकांकडे केली: मनोरा डावीकडे. काच फिरवली: मनोरा उजवीकडे, वस्तरा उजव्या हातात, गुंड्या जागेवर. नदीला इकडून तिकडे जायला अर्धा सेकंद लागला. मी सांगितलं, छापताना माझी चूक झाली.

महाराज प्रसन्न हसले. माझा हात आजेगुरूंनीच फिरवला, म्हणाले. काहींनी माना डोलावल्या. मावशी तोवर मशीन बांधायला निघून गेली होती. वाटेत तिनं वस्तीतली दारं एकेक करून वाजवली, आणि ज्यांनी वाद घातला त्यांना स्वतःच्या सदऱ्याकडे बघून फोटो पाहून यायला सांगितलं.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत चौतीस घरं शाळेत आली. सहा राहिली, त्यांना शनिवारी छपरांवरून होडीनं उतरवावं लागलं. मावशीच्या घरात पाणी खिडकीपर्यंत चढलं होतं. महाराजांनी जाहीर केलं की लोकांचा विश्वास डळमळलेला पाहून नदीनं विचार बदलला.

फोटोखाली आता मी एक चिठ्ठी लावली आहे: ‘ही प्रत उलटी छापली गेली आहे. चूक माझी.’ साहेबांना ती आवडत नाही. पण चूक कबूल करणाऱ्याचं म्हणणं तपासून तरी पाहता येतं. म्हणून एवढंच सांगते: कोणाचंही ऐका, माझंही ऐका, पण स्वतः बघितल्याशिवाय मानू नका. आणि ज्याला जन्मात कधी ‘चुकलो’ म्हणावं लागलेलं नाही, त्याच्या शब्दावर पाणी चढत असताना घरात बसून राहू नका.