घुमणाऱ्या वर्गातला पट

मित्रांनो, मी एक जुना कापडी पट आहे. खिडकीवरचा पडदा नव्हे. मी थेट भिंतीवर टांगला जातो आणि चांगला आठ हात रुंद आहे.

माझा जन्म पडदे शिवणाऱ्या एका मावशींच्या दुकानात झाला. त्यांची भाची ऐकू कमी येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवत असे. मुले तिला ताई म्हणत. तिच्या वर्गाचे छत उंच, भिंती उघड्या. आवाज नुसता घुमायचा आणि कानातल्या यंत्रात त्याचा गोंगाट व्हायचा.

"मावशी, मी 'बस' म्हटलं तर मुलांना 'ब' तेवढा कळतो," ताई म्हणाली.

मावशींनी जुने लोकरी कोट, जाड विजारी, सोफ्याची मखमल उसवली. त्या तुकड्यांतून निळ्या डोंगरांची रांग जुळवली, मागे जाड अस्तर लावले, वरच्या कडेला नेफा शिवून त्यात लाकडी दांडा सरकवला. मी भिंतीवर चढलो आणि घुमणे ओसरले. पहिल्याच आठवड्यात, जिला सगळे चिमणी म्हणत, ती मुलगी "बस" हा शब्द अख्खा बोलली. तिच्या बाबांनी तो चारदा म्हणवून घेतला.

पाहुणे माझ्या रंगांचे कौतुक करत. मी ते ऐकून घेई. माझे खरे काम त्यांना दिसत नव्हते.

नऊ वर्षांनी नवे व्यवस्थापक आले. "हे धूळखाऊ प्रकरण उतरवा. भिंत कशी मोकळी हवी," ते म्हणाले. ताईने परोपरीने समजावले, पण व्यर्थ. घडी घालून मला कपाटामागे कोंबले. वाईट वाटले, तरी माझ्यावाचून त्यांचे अडणार याची मला खात्री होती.

महिन्याभराने साहेब वर्गात येऊन मुलांशी बराच वेळ बोलले. मुले एकमेकांकडे पाहत राहिली. शेवटी पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, तुमचे शब्द एकमेकांवर आदळतायत. मला एकही सुटा मिळाला नाही."

साहेबांनी वळून मोकळ्या भिंतीकडे पाहिले. मग त्यांनी स्वतःच मला ओढून बाहेर काढले. घड्यांवर माझी मखमल विरली होती. मावशींना बोलावणे गेले. चष्मा सावरून विरलेल्या जागी ठिगळ लावत त्या म्हणाल्या, "असं कापड घडी घालून कोंबायचं नसतं हो, गुंडाळून ठेवायचं असतं."

"चुकलं माझं," साहेब म्हणाले आणि मला टांगून होईपर्यंत शिडी धरून उभे राहिले.

मित्रांनो, भिंतीवरच्या कापडाला निव्वळ शोभेची वस्तू समजू नका. महिन्यातून एकदा हलक्या हाताने झटका, कडक उन्हापासून जपा. आणि उतरवायचे ठरलेच, तर आधी त्या खोलीत रोज बसणाऱ्यांना विचारा. माझ्याबद्दल विचाराल, तर त्यांचे उत्तर मला आताच ठाऊक आहे.